फोटो कधीचा हाय?

गेल्या वर्षी जुलैत, आठ दिवस ऊन कसलं ते दिसलं नव्हतं अशा एका दुपारी, मी फुलेवाडीच्या आमच्या घरी सोप्यात नकाशा पसरून बसले होते. लक्ष्मीपुरीतून मोठ्या कागदावर छापून आणलेला, रिक्षात प्लास्टिक गुंडाळून उभा धरलेला. तरी सर्दावलाच होता. कडा वळत होत्या म्हणून चार कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, माझा मोबाइल आणि आईनं निवडायला घेतलेल्या तांदळाचं ताट, असं काय काय ठेवलं होतं. नकाशा कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा. जंगल गर्द हिरवं, ऊस पोपटी, पाणी निळं, गावं लाल. आणि डोंगरांच्या माथ्यांवर फिकट बदामी रंगाचे सपाट तुकडे, वाळत घातलेल्या पापडांसारखे. आण्णा चष्मा पुसत आले, गुडघ्यावर हात टेकत बसले आणि सवयीनं आधी नकाशा न बघता खालची सूची वाचायला लागले. बदामी चौकोनासमोर बोट थांबलं. “पडीक?” मी म्हटलं, हो, म्हणजे सडे, पठारं, वर काही नाही ना. त्यांनी अजून थोडं वाकून कागदाचे चारी कोपरे बघितले. तांदळाचं ताटसुद्धा उचलून बघितलं. “फोटो कधीचा हाय?” फेब्रुवारीतला, मी सांगितलं. “हं,” म्हणाले, आणि चहाला गेले.

त्या ‘हं’ नं माझं वर्ष खाल्लं.

आण्णा मोजणी खात्यात भूकरमापक होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी याच तीन-चार तालुक्यांत लोकांच्या जमिनी मोजल्या, भावाभावांच्या भांडणांत उभं राहून हद्दीचे दगड रोवले, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. लहानपणी आमच्या घरात टिपण, फाळणी, गटबुक हे शब्द भाजी-आमटीसारखे वापरात होते. त्यांच्या लेखी तारीख आणि सही नसलेला कागद म्हणजे रद्दी. त्यामुळे त्यांनी तारीख विचारली यात नवल काही नव्हतं. लागलं ते हे, की तो प्रश्न मी विचारायला हवा होता. पर्यावरणाच्या अभ्यासात उपग्रहाची चित्रं वापरणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि मी फेब्रुवारीच का निवडला याचं माझं एकमेव उत्तर ‘आभाळ मोकळं होतं’ हे होतं.

तसं आमच्या दोघांच्या धंद्यांत फार अंतर नाही, हे मला उशिरा कळलं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि म्हणाले, “म्हणजे गुंठाच की!” खरंच की. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे गुंठा, तो भरतो १०१ चौरस मीटर आणि थोडा. युरोपातल्या कुणा शास्त्रज्ञांनी आपला चौकोन ठरवला आणि तो आमच्या सातबाऱ्यात चपखल बसला. तेव्हापासून घरात पिक्सेल हा शब्द बंद झाला. “आज किती गुंठं बघितलंस?” असं आण्णा विचारतात.

अमेरिकेचा लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ च्या जुलैत गेला. बहात्तर म्हटलं की आण्णांना उपग्रह नाही, सुकडी आठवते. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या आजीचं बोट आठवतं. त्या पहिल्या उपग्रहाचा चौकोन साधारण ८० मीटरचा, म्हणजे दीडेक एकराचा. पुढं १९८२ पासून ३० मीटरचा आला, म्हणजे नऊ गुंठे. आणि आता एक. म्हणजे खाली भाऊवाटणीत रानांचे तुकडे पडत गेले तसे वर आभाळातही पडत गेले. २००८ साली लँडसॅटचा सगळा जुना साठा लोकांसाठी फुकट खुला झाला. रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपवर आमच्या गावाचं जुनं चित्र उघडायची आणि आण्णा स्क्रीनला नाक लावून “हितं आपली विहीर असणार” म्हणायचे. नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यात विहीर दिसत नाही. पण मी हो म्हणायची.

हिरवं ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. पान लाल उजेड खाऊन टाकतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा, त्याला दोहोंच्या बेरजेनं भागायचं, की उणे एक ते एक यांमधला आकडा येतो. एनडीव्हीआय म्हणतात त्याला. आकडा जितका एकाजवळ, तितकी हिरवाई दाट. फार उपयोगाची गोष्ट आहे, मी तिची निंदा करणार नाही. फक्त तिला कशातला फरक कळत नाही हे लक्षात ठेवावं लागतं. ऐन भरातला आडसाली ऊस तिच्या हिशेबात राधानगरीच्या जंगलाला मागं सारतो. पंचगंगेवर उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा पसरतो, खाली पाण्याला वास सुटलेला असतो, आणि वरून तिथं झकास वनराई दिसते. कोल्हापूर जिल्हा बघायचा तर हा हिरवा भ्रम सारखा सोलत बसावं लागतं. कारखाने सुरू झाले, तोड लागली की ऊस चित्रातून गठ्ठ्यागठ्ठ्यानं नाहीसा होतो, आणि जंगल मात्र जागेवर राहतं. एकाच वर्षातली दोन-चार महिन्यांची चित्रं एकावर एक ठेवली की दोघं वेगळे होतात. म्हणजे उसासाठी मी तारखा बघत होते. तोडीचा महिना, लावणीचा महिना, खोडव्याचा महिना, सगळं पाठ. सड्यासाठी बघितल्या नव्हत्या, कारण सड्यावर काही नसतं हे मी चित्र उघडायच्या आधीच ठरवून बसले होते.

मग त्या ‘हं’ नंतर मी पावसाळी चित्रं शोधायला बसले. सेंटिनेलची जोडी दर पाच दिवसांनी वरून जाते, आपल्याकडं सकाळी अकराच्या सुमारास. जून ते सप्टेंबर म्हणजे एका हंगामाची चोवीसेक चित्रं. सहा हंगामांची काढली. एकेक उघडत गेले आणि पांढरं, पांढरं, पांढरं. मधेच एखाद्या चित्रात रांगणा किल्ल्याकडं ढगाला भोक पडलेलं, त्यातून हिरवा तुकडा डोकावतोय, पण मला हवा तो सडा ढगाखाली. दुसऱ्या एकात सडा मोकळा, पण शेजारच्या ढगाची सावली बरोबर त्याच्यावर. दीडशेच्या घरात चित्रं बघून हाताला लागली ती मोजकी, आणि तीही बहुतेक सप्टेंबर सरतानाची, फुलोरा उतरणीला लागल्यावरची. फेब्रुवारी-मार्चची मात्र लख्ख, एकाला एक वरचढ. आमच्या पश्चिम घाटातल्या जमिनींविषयी उपग्रहाचं जे काही मत आहे ते असं उन्हाळ्यात बनलेलं आहे. म्हणजे एखाद्या घरी माणसं नेहमी कामावर गेलेली असतानाच जायचं आणि ‘हितं कोण राहत न्हाई’ असं लिहून परत यायचं, त्यातली गत.

आण्णांच्या कपाटात सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ एल मालिकेतली जुनी टोपोशीट आहे, घड्यांवर कापडी पट्टी लावलेली. त्यावर शेती पिवळी, झाडी हिरवी, आणि ज्याला दोन्ही म्हणता येत नाही ते पांढरं. सडा पांढरा. ढगासारखाच.

ढगांतून पाहणारा उपग्रह नाही असं नाही. रडारवाला आहे, सेंटिनेल-१. तो सूर्याच्या उजेडावर अवलंबून नाही, स्वतःच लहरी पाठवतो आणि परत येतील त्या मोजतो. त्याची माझी ओळख २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात झाली ती अशी, की विसरता येत नाही. मावशी चिखलीची. ती आणि तिच्या सुना नेसत्या वस्त्रानिशी आमच्याकडं येऊन राहिल्या होत्या, काका जनावरांपायी मागं राहिलेले, फोन लागत नव्हता. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यानं पुणे तुटलं होतं, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि शहरभर एकच प्रश्न, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला किती फुटावर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरातल्या पोरासोरांना पाठ असतं. ते आकडे कधीच मागं पडले होते. त्या दिवसांतलं एक रडारचित्र मी उघडलं. सपाट पाणी लहरी आरशासारख्या दुसरीकडं फेकून देतं, त्यामुळे उपग्रहाकडं काही परत येत नाही आणि पाणी काळंभोर दिसतं. पंचगंगा एरवी त्या चित्रात सुतळीएवढी असते. त्या दिवशी प्रयाग चिखलीपासून खाली काळा डाग पसरला होता, शाई सांडावी तसा, आणि त्यात गावाचे काही पांढुरके ठिपके, जिथं भिंतींवर लहरी आपटून परत आल्या होत्या. मावशीनं मागून येऊन विचारलं, काय बघालीस? मी स्क्रीन मिटला. अभ्यासाच्या दृष्टीनं ते फार सुंदर चित्र होतं, आणि मला ते सुंदर वाटलं हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. काका सुखरूप आले, एक म्हैस गेली.

पण रडारही सड्यावर फार काही सांगत नाही. ओल वाढली, पृष्ठभाग बदलला, एवढं कळतं. बोटाच्या पेरापेक्षा बारीक फुलं त्याच्या हिशेबात येत नाहीत. मग उरते ती जुनी पद्धत, स्वतः जाऊन जमिनीवर बघायची. आमच्या लोकांत तिला ग्राउंड ट्रुथिंग म्हणतात, आण्णा पंचनामा म्हणतात.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. सड्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या रविवारी खाली गाड्यांची रांग लागते आणि फुलांत झोपून फोटो काढणारे येतात. गाडी जाते तिथपर्यंत गाडी, पुढं अर्धा तास पायवाट. आण्णांचे गुडघे कुरकुरत होते. मी “आलो, आलो, थांबा” म्हणत दोरी, टेप, छत्री, जीपीएस सांभाळत मागं. (कोल्हापुरात आम्ही बायका असंच बोलतो. पुण्यात शिकायला होते तेव्हा मैत्रिणी मुद्दाम माझ्याकडून वदवून घ्यायच्या.) वर पोचलो तेव्हा धुकं होतं, आणि त्यातून म्हशीच्या गळ्यातली घंटा. धुकं हललं तसा पायाखालचा रंग वर आला. जांभ्या दगडाचा तांबडा-काळा, शेवाळाचा, आणि मग सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, नुसता ओलसर पसरलेला, त्यात गेंदाची पांढरी बटणं, कडेला कवल्याची पिवळी, दोन कान असल्यासारखी फुलं. आण्णा चप्पल काढून उभे राहिले. देवळात काढतात तशी नव्हे, पाय घसरत होता म्हणून.

मला उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर आखायचा होता. चित्रातून त्याच्या कोपऱ्यांचे आकडे काढून जीपीएसमध्ये घातले होते. मोकळ्या आभाळाखाली यंत्र तीन-चार मीटरांत जागा दाखवतं, त्याहून बारीक नाही, म्हणजे गुंठ्याच्या हिशेबात तिसरा हिस्सा गोंधळ धरायचाच. आण्णांना ते पटेना. त्यांनी पहिला कोपरा माझ्याकडून घेतला आणि पुढचं पावलांनी मोजलं. बारा पावलं म्हणजे ३३ फूट, म्हणाले, आणि टेप लावला तर दोन-तीन इंचांचा फरक. मी खुंटी ठोकायला गेले तर टण्. “जांभ्यात खुंटी कुठं ठोकालीस? दगड ठेव.” चार कोपऱ्यांवर चार दगड, सुतळी ताणून त्यांच्याखाली दाबलेली. मग मी गुडघ्यांवर बसले आणि एक गुंठा बघायला दोन तास लागले.

त्या गुंठ्यात तीन मुलूख होते. एकीकडं उघडा जांभा, त्यावर नुसतं दगडफूल आणि फटींतून आलेलं बारीक गवत. मधे चार बोटं मातीचा ओला पट्टा. तिथंच सीतेची आसवं दाटलेली, कारण मातीत कस नाही. कस नाही म्हणून तर ती शिकार करतात. जमिनीखाली टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात, ओल्या मातीत हिंडणारा सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. आणि तिसरीकडं परातीएवढं एक डबकं, काठाला हात लावला तर कोमट, तळाशी बेडकाची पोरं थरथरतायत. पायरीएवढा उंच-सखलपणा, पण वस्ती वेगळी. डबक्याच्या काठाचं रोप पट्ट्यात नाही, पट्ट्यातलं दगडावर नाही. उपग्रह या सगळ्याची बेरीज करून एक आकडा देतो. तो आकडा खोटा नसतो. चार जणांच्या घराचं सरासरी वय पंचवीस म्हणावं, तेवढा तो खरा असतो.

एक म्हैस सुतळी ओलांडून निवांत आरपार गेली आणि जाताना गेंदाचा एक घास घेतला. मागून डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली बाई आली. दगड बघितले, सुतळी बघितली, टेप बघितला.

“प्लॉट पाडालाय व्हय?”

आण्णा म्हणाले, “न्हाई वो, फुलं मोजालोय.” ती आमच्याकडं बराच वेळ बघत राहिली. वयस्क माणूस, शिकलेली लेक, पावसात फुलं मोजतायत यावर कुणीही विश्वास ठेवू नये. मग अंदाज घेत म्हणाली, “खाणीचं काय न्हाई न्हवं?” जांभा आणि बॉक्साइट एकाच जातीच्या झिजेतून घडतात, जिल्ह्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत, तिला त्यातलं भूशास्त्र कुणी सांगायची गरज नव्हती. टेप घेऊन वर आलेल्या माणसांचा तिला अनुभव असणार. मी नाही नाही म्हटलं. खरंही तेच होतं. पण घरी येताना डोक्यात राहिलं, की मी सड्यांच्या कडा जितक्या नेमक्या आखीन तितकं त्या कुणालाही सापडणं सोपं होईल, आणि ‘पडीक’ असं लिहून आखल्या तर फारच सोपं.

पाऊस आला. एका छत्रीत दोघं बसलो, डब्यातली थंड भाकरी आणि ठेचा खाल्ला. मी विचारलं, आण्णा, तुम्ही काय लिहायचा असल्या जागेला? ते हसले. “पोटखराबा. न्हाईतर खडक. न्हाईतर गवत पड.” मला वाटलं आता पुढं काहीतरी म्हणतील, इतक्या वर्षांनी असं पायाखाली बघून. काही नाही. बोटाला लागलेला ठेचा चाटत म्हणाले, “शेतसारा नव्हता ह्येला. ज्याला सारा न्हाई त्यो खराबा. रकानाच तेवढा व्हता, मी काय कविता लिहू त्यात?” मग थोड्या वेळानं, पावसाकडं बघत, “पण तारीख टाकायचो मी.”

ऑक्टोबरात मी नकाशा पुन्हा केला. सप्टेंबरअखेरची मिळाली ती तुटपुंजी चित्रं, उन्हाळ्यातली लख्ख चित्रं आणि पंचनाम्याच्या नोंदी एकत्र बसवल्या. उन्हाळ्यात आकडा तळाला, पावसाळ्यात वर, आणि दिवाळीपर्यंत परत खाली, असा ज्या चौकोनांचा वर्षभराचा चढ-उतार दिसला त्यांचा वेगळा वर्ग केला. उघड्या खडकाचा आकडा असा हलत नाही, त्यामुळे बरेचसे बदामी तुकडे फुटले. काही खरोखर उघडे होते, काही जुन्या खाणीचे खड्डे निघाले, उरलेल्यांना मी नाव दिलं ‘सडा’. रंग कुठला द्यावा यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. आई म्हणाली जांभळा दे. आण्णा म्हणाले जांभळा वर्षातून महिनाभर, बाकीचे महिने काय करशील? शेवटी बदामीवर जांभळ्या तिरप्या रेघा दिल्या. खाली डाव्या कोपऱ्यात वापरलेल्या प्रत्येक चित्राची तारीख, बारीक अक्षरांत.

ज्यांच्यासाठी केला त्या कार्यालयाचं उत्तर या आठवड्यात आलं. नऊ महिन्यांनी. काम चांगलं आहे, धन्यवाद. मात्र वर्गांची यादी ठरलेली असून तीत ‘सडा’ या नावाला क्रमांक नाही, तरी सदर क्षेत्र यादीतील योग्य त्या वर्गात समाविष्ट करून पाठवावं. यादी जोडलेली आहे. जंगल, झुडपी, शेती, पाणी, वस्ती, आणि सहाव्या क्रमांकावर पडीक अथवा खडकाळ. मी उत्तराच्या तीन ओळी लिहून खोडल्या. पहिल्यात रागावले होते, दुसऱ्यात विनवत होते, तिसरी निव्वळ तांत्रिक होती आणि तीच मला सगळ्यात लबाड वाटली. सातवा क्रमांक द्या म्हणावं तर यादी त्या कारकुनानं केलेली नाही, त्याच्याही वरून आलेली असणार. त्याच्याकडंही रकाना तेवढाच.

मेल तशीच उघडी आहे. बाहेर परवापासून झड लागलीय, गगनबावड्याकडं तर ओततोय म्हणे पाऊस, आणि नकाशाचा कागद परत सर्दावून कडेनं वळायला लागलाय. आण्णांनी आतून हाक मारली, “राजाराम किती?” मी मोबाइल बघून सांगितलं, ३६ फूट ४ इंच.

“किती वाजताचं? चढालंय का उतरालंय?”

“थांबा,” मी म्हटलं, “बघून सांगतो.”